दाजींचा पाइंट

इंग्रजी भाषेतल्या एका शब्दावर माणूस सगळा जन्म काढू शकतो, हे मला आमच्या दाजींनी दाखवून दिले. मी परभणीच्या एका कॉलेजात एकतीस वर्षे ग्रंथपाल होतो. माझ्याकडे शब्दांची कमतरता कधीच नव्हती, तरी वेळेवर मला नेमका शब्द सापडत नसे. दाजींकडे एकच होता आणि तो त्यांना कधी कमी पडला नाही. तो शब्द म्हणजे पॉइंट. ते त्याला 'पाइंट' म्हणत. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पूर्णेच्या स्टेशनात ते पॉइंट्समन होते आणि आठ वर्षांपूर्वी रिटायर झाले. ताई जाऊन आता सात महिने झाले आहेत. या सात महिन्यांत दाजींनी अंगणाचे फाटक ओलांडले नाही, आणि त्यांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकत चालला होता. ऑपरेशनचा दिवस ताई असतानाच ठरला होता, तो टळला. "आणखी उशीर केलात तर डोळा हातचा जाईल," असे डॉक्टरांनी मला फोनवर स्पष्ट सांगितले होते. पुण्याला दिलेली त्यांची मुलगी मला रोज म्हणायची, "मामा, काही पण करा, पण बाबांना घराबाहेर काढा." हे काम किती अवघड होते ते कळायला आधी दाजी कळले पाहिजेत.

रेल्वेतला पॉइंट म्हणजे काय, हे त्यांनी मला माझ्या लग्नाच्या आधी, हळदीच्या दिवशी समजावून सांगितले होते. एका लोहमार्गातून दुसरा फुटतो तिथे रुळाची एक सरकती जीभ असते. ती इकडे चिकटली तर गाडी अकोल्याकडे, तिकडे चिकटली तर परभणीकडे. मध्ये बोटभर फट राहिली तर गाडी कुठेच नाही. "आन ती जीब चिकटली का न्हाई, हे बगनारा मानूस म्हंजे मी," असे म्हणून त्यांनी माझ्या हळद लागलेल्या खांद्यावर हात ठेवला. "पाव्हणं, जगात सगळीकडं पाइंट आसतो. बगनाराच नसतो." त्या वेळी मला ते नोकरीचे कौतुक वाटले. पुढे कळले की ते त्यांचे सगळे तत्त्वज्ञान होते.

पूर्णेत त्यांनी घर बांधले तेव्हा विजेचे पॉइंट किती ठेवायचे यावरून वायरमनशी त्यांचा तीन दिवस वाद झाला. वायरमनने अकरा सांगितले होते. दाजींनी तेवीस काढायला लावले. न्हाणीघराबाहेर एक, तुळशीजवळ एक, जिन्याच्या चौथ्या पायरीशी एक. वायरमन घाम पुसत म्हणाला, "दाजी, एवढे पॉइंट तर ठेसनात नसतील."

"ठेसनात हायेत म्हून तर गाड्या चालायल्यात," दाजी म्हणाले. "लाव गुमान."

त्यांतले निम्मे पॉइंट शेवटपर्यंत कशालाच लागले नाहीत. ओट्यावरच्या एका बटणावर ताई चहाची गाळणी अडकवून ठेवायची. दाजींनी त्यावर कधी तक्रार केली नाही. पॉइंट कामाला आला याचेच त्यांना समाधान होते.

मुलगी इंजिनिअरिंगला होती तेव्हा तिचा निकाल घरी आला, आठ पॉइंट चार. दाजींनी चष्मा लावून तो मोबाइलवर दोनदा पाहिला. "पाइंटाच्या पुढं हे चार कशाला आलेत? गाडी आठावर थांबली का पुढं गेली?"

"पुढं गेली, बाबा."

"मंग सांग की तसं. पेढे आन."

त्याच मुलीच्या लग्नात त्यांनी मांडवाचे भाग पाडले आणि प्रत्येक भागाला पॉइंट असे नाव देऊन एकेक नातेवाईक नेमला. पाणी पॉइंट, वाढप पॉइंट, चपला पॉइंट, आणि वरमाईला काही कमी पडू नये म्हणून खास वरमाई पॉइंट. गळ्यात नोकरीतली जुनी शिट्टी. मंगलाष्टके सुरू झाली तरी पाण्याच्या टाकीपाशी उभ्या असलेल्या माझ्या मावशीला ते जागचे हलू देईनात. मावशी कडाडली, "आवो, माझ्या नातीचं लगीन हाय! अक्षता तर टाकू द्या!"

"आधी बदली मानूस आना, मावशी, मंग पाइंट सोडा."

मावशीने अक्षता टाकीपासूनच फेकल्या. त्या एका पाहुण्याच्या ग्लासात पडल्या. दाजींनी ग्लास बदलून दिला आणि मावशीला म्हणाले, "बगा, तुमी हितं व्हत्या म्हून ध्यानात आलं."

एकदा आम्ही चौघे महाबळेश्वरला गेलो होतो. तिथे गाडीवाला दर अर्ध्या तासाने दार उघडून सांगायचा, "चला, पुढचा पॉइंट." दाजी मोठ्या उत्साहाने उतरायचे, कठड्यापर्यंत जायचे, खाली पाहायचे आणि निराश होऊन परत यायचे. सूर्यास्ताच्या ठिकाणी शंभरेक माणसे पश्चिमेकडे तोंड करून उभी होती, आणि आमचे दाजी गाडीवाल्याला विचारत होते, "हितं पाइंट कुठंय? पाइंट म्हनलं की दोन वाटा फुटल्या पायजेत. हितं तर एकच वाट, ती बी खाली." ताई तोंडाला पदर लावून इतकी हसली की सूर्य बुडाला तो तिने पाहिलाच नाही. परतीच्या वाटेवर ती मला म्हणाली, "ह्यांना फिरवायचं म्हणजे जंक्शन दाखवायला पाहिजे रे."

पण खरी गंमत झाली पालमच्या बाजूला, त्यांच्या धाकट्या भावाच्या शेतात. तिकडे बोअर घ्यायचे म्हणजे आधी पाणाडी आणून पॉइंट काढावा लागतो. पाणाडी तळहातावर नारळ आडवा ठेवून वावरातून चालतो, आणि जिथे नारळ आपोआप उभा राहतो तिथे खुंटी ठोकतो. भावाने पाणाडी आणला, नारळ उभा राहिला, खुंटी ठोकली. मशीन बोलावणार इतक्यात दाजी पूर्णेहून एसटीने हजर. "एका मानसानं बगितलेला पाइंट, पाइंट नसतो," असे जाहीर करून त्यांनी ती खुंटी उपटली, जागेवर ओळखीपुरता एक खडा ठेवला, आणि पहिल्याला न सांगता दुसरा पाणाडी आणला. हा कडुलिंबाची बेचकी धरून पाणी बघणारा होता. त्याची बेचकी दुसऱ्याच ठिकाणी, पहिल्या जागेपासून बारा पावलांवर वाकली. आता आली पंचाईत. दोघेही नावाजलेले, दोघेही आपापल्या जागी ठाम. भाऊ म्हणाला, "दादा, कुठलं तरी एक धरा की."

दाजींनी दोरी घेतली, दोन्ही जागांमधले अंतर मोजले, आणि बरोबर सहाव्या पावलावर खुंटी ठोकली. कुणाचाच अपमान नको. मशीनने तिथे खोल, फार खोल छिद्र पाडले. आतून पांढरी धूळ आली. नंतर काळी धूळ आली. मशीनवाला म्हणाला, आणखी गेलो तर खालून अमेरिका लागेल. दाजी शांतपणे कपडे झटकून म्हणाले, "त्या दोगांचे पाइंट बराबरच आसतील. मधला आपला व्हता." भावाने पुढे वर्षभर त्यांच्याशी धड बोलणे ठेवले नाही. दुसऱ्या वर्षी त्याने खड्याच्या जागेवर गुपचूप बोअर घेतले. पाणी लागले. दाजींनी फोनवर ते ऐकले आणि मनापासून खूश होऊन विचारले, "दुसऱ्या पाइंटाला बी बगू का?"

मी पुस्तकांतला माणूस. एका सुट्टीत मी कॉलेजातल्या जाडजूड इंग्रजी शब्दकोशात पॉइंट हा शब्द काढून पाहिला. दोन पाने भरून अर्थ होते. टोक, ठिपका, मुद्दा, गुण, क्षण, दिशा, हेतू, आणखी कितीतरी. मी ते सगळे वहीत उतरवून घेतले आणि पूर्णेला जाऊन दाजींना वाचून दाखवले. त्यांनी डोळे मिटून ऐकले. मध्ये फक्त एकदा विचारले, "आमचा घातलाय का?"

"घातलाय. बराच खाली आहे."

"किती खाली?"

"विसाव्याच्याही पुढे."

दाजी उठून अंगणात गेले. थोड्या वेळाने ताई मला हळूच म्हणाली, "अरे, वर आहे म्हणून सांगायचं. तुझं काय गेलं असतं?" जेवायला बसल्यावर मात्र दाजींचा राग निवळला होता. ते म्हणाले, "खालीच आसनार. रूळ बी खालीच आसतो. पर वरच्या सगळ्या डब्यांचा जिम्मा त्याच्यावर."

त्यांच्या नोकरीतली एक पद्धत त्यांनी घरात आणली होती, आणि ती मी आजवर दुसऱ्या कुठल्या घरात पाहिलेली नाही. पॉइंट लागला की नाही हे विचारणारा एक आणि जाऊन बघणारा दुसरा. बघणाऱ्याने डोळ्यांनी बघायचे, हात लावायचा, मग मोठ्याने सांगायचे. आणि तसे ऐकल्याशिवाय विचारणाऱ्याने गाडी सोडायची नाही. घरातून बाहेर पडताना दाजी कुलूप हातात घेऊन उंबऱ्यात उभे राहायचे आणि ताई आत असायची.

"गॅस पाइंट?"

"बंद!"

"पानी पाइंट?"

"बंद!"

"मागलं दार?"

"लागलं!"

"देवाचा दिवा?"

"शांत केला!"

मग ताई बाहेर यायची, कुलूप लागायचे. शेजारीण भिंतीवरून विचारायची, "सुटली का गाडी, ताई?" पस्तीस वर्षांत एकही दिवस यात खंड पडला नाही. एकदा नांदेडला लग्नाला निघताना ताई घाईघाईने आधीच ऑटोत जाऊन बसली आणि तिथूनच चारही उत्तरे देऊन मोकळी झाली. दाजींनी तिला उतरवले, आत पाठवले, पुन्हा विचारले. नांदेडला पोचलो तेव्हा पंगती उठत होत्या. ताई मला म्हणाली, "काय करू बाबा, ह्यांच्याशी खोटं बोलताच येत नाही. मला पण आता हात लावल्याशिवाय चैन पडत नाही."

ताई गेल्यावर हे सगळे माझ्या लक्षातच आले नाही. मला वाटले, म्हातारपण आहे, दुःख आहे, माणूस घरात बसणारच. रोज संध्याकाळी चहाला स्टेशनावर जाणारे दाजी आता भाजीसुद्धा गाड्यावाल्याकडून फाटकावर घेत. भाकरी स्वतः थापत, जाड आणि कडेला करपलेली. डाव्या डोळ्याने मान वाकडी करून पेपर वाचत. शेवटी डॉक्टरांकडून पुन्हा दिवस घेतला आणि मी सकाळच्या गाडीने पूर्णेला गेलो.

दाजी तयार होते. इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी. मला बरे वाटले. आम्ही बाहेर आलो, त्यांनी कुलूप लावले, आम्ही फाटकापर्यंत गेलो. तिथून ते वळले. कुलूप काढले, आत गेले, गॅस पाहून आले. पुन्हा कुलूप, पुन्हा फाटक, पुन्हा माघारी. तिसऱ्या वेळी आमच्या गाडीची शिट्टी ऐकू आली आणि गाडी गेली. दाजी पायरीपाशी उभे होते. त्यांच्या कपाळावर घाम होता. तेव्हा कुठे मला समजले की हा माणूस सात महिने घरात बसलेला नव्हता. तो रोज निघत होता आणि त्याला आतून कुणी सांगत नव्हते.

मी आत गेलो. म्हणालो, "दाजी, तुम्ही विचारा. मी सांगतो."

त्यांनी माझ्याकडे जरा संशयाने पाहिले. मग कुलूप हातात घेऊन ते उंबऱ्यात उभे राहिले.

"गॅस पाइंट?"

मी बैठकीतच उभा होतो. ते स्वतः तीनदा बघून आले होते. मी म्हणालो, "बंद."

"बगितला?"

मी तिथूनच स्वयंपाकघराकडे मान वळवली.

"न बगता कामून बोललाव, पाव्हणं?" त्यांचा आवाज चढला नव्हता. ते उंबऱ्यातच खाली बसले. मीही जाऊन शेजारी बसलो. बराच वेळ ते कुलपाच्या कडीवरून अंगठा फिरवत राहिले.

"तुमच्या ताईनं बी आसंच केलं," ते म्हणाले. "त्या दिशी ती हितं मेथी निवडायली व्हती. थंडीचे दिस आन तिच्या मानंला घाम. मी चहाला निघालो व्हतो, पायात चप्पल व्हती. हितूनच इचारलं, छातीत दुखायलंय का? म्हनली, न्हाई. म्हनलं, बराबर? म्हनली, बराबर. जावा तुमी." त्यांचा अंगठा कडीवर थांबला. "त्या नांदेडच्या ऑटोतला एक डाव सोडला, तर पस्तीस वर्सांत तिनं हात लावल्याबिगर जवाब दिला न्हवता. म्हून मी बी जवळ जाऊन बगितलं न्हाई. चहा पिऊन आलो तर..."

पुढचे मला माहीत होते. मला माहीत नव्हते ते एवढेच, की ते रोज या उंबऱ्यात येऊन तिथेच थांबत होते. त्याच आठवड्यात मीही तिला फोन केला होता. कशी आहेस विचारले तर बरी आहे म्हणाली, माझ्या पोटाच्या तक्रारीची चौकशी केली, आणि ओवा भाजून खा म्हणून सांगितले. मी हे कुणालाच सांगितले नव्हते. दाजींना सांगितले.

"तुमाला बी बरी हाय म्हनली?"

"मला बी."

दाजींनी उजवा डोळा रुमालाने टिपला. मोतीबिंदूने त्यातून तसेही पाणी यायचे. "मंग तिनं दोगांला बी कळू दिलं न्हाई," ते म्हणाले. अंगणात चिमण्या करपलेल्या भाकरीचे तुकडे उचलत होत्या. जरा वेळाने त्यांनी विचारले, "ओवा खाल्ला का?"

"खाल्ला. बरं वाटलं."

दुसरी गाडी दीड तासाने होती. मी उठून स्वयंपाकघरात गेलो. गॅसच्या दोन्ही बटणांना हात लावला, सिलिंडरची चावी फिरवून पाहिली, आणि तिथूनच ओरडलो, "गॅस बंद!" न्हाणीघरात जाऊन नळ आवळला. "पाणी बंद!" देवघरात दिवा लावलेलाच नव्हता, तो ताई गेल्यापासून लागत नसावा. मी तेही सांगितले. मग मागच्या दाराशी गेलो. दार ओढून घेतलेले होते, पण कडी लागलेली नव्हती. दाजींनी सकाळपासून तीनदा पाहिले होते. एका डोळ्याला ती कडी लागल्यासारखीच दिसली असणार.

"दाजी, मागचं दार उघडं हाय!"

 बाहेरून चपलांचा आवाज आला. दाजी आत आले, वाकून त्यांनी कडीला बोट लावले, फट पाहिली, आणि माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा मी कितीतरी महिन्यांनी असा उजळलेला पाहिला. "हां! आता कसं! हे सांगायला मानूस लागतो. लावा कडी." मी कडी लावली. त्यांनी मला पुन्हा एकदा मोठ्याने सांगायला लावले, मग ते उंबऱ्यात गेले, मी बाहेर आलो, त्यांनी कुलूप लावले. फाटकापाशी ते क्षणभर थांबले, पण वळले नाहीत. शेजारीण भिंतीपाशी कपडे वाळत घालत होती. तिने आमच्याकडे पाहिले आणि हातातला ओला कपडा तसाच धरून ती उभी राहिली. 

स्टेशनावर त्यांनी चहा घेतला नाही, मीही आग्रह केला नाही. परभणीपर्यंत ते खिडकीशी बसून होते. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झाले, ठीक झाले. दवाखान्याच्या लांब खोलीत सातआठ म्हातारे डोळ्यांवर हिरव्या पट्ट्या बांधून ओळीने बसले होते. डॉक्टर तरुण होते, कामाच्या घाईत होते. एकेकापाशी थांबून ते एकच प्रश्न विचारत, आणि प्रत्येक म्हातारा प्रश्न पुरा व्हायच्या आधीच नाही म्हणून मोकळा होत होता.

दाजींपाशी येऊन त्यांनी विचारले, "काय आजोबा, दुखतंय का?"

 दाजींनी मान खाली घातली, हात पट्टीपाशी नेला, मग तो हळूहळू खाली येऊन छातीवर थांबला. डॉक्टर हातातला कागद घेऊन वाट पाहत होते.

"डोळा न्हाई," दाजी म्हणाले.

डॉक्टरांनी कागदावर, दुखत नाही, असे लिहिले आणि ते पुढच्या म्हाताऱ्याकडे गेले. मी बाकावर दाजींच्या जरा जवळ सरकून बसलो.